तिचा पेपर मी लिहिला

परीक्षेला लेखनिक बसवायचा असेल तर तो परीक्षा देणाऱ्यापेक्षा कमी शिकलेला पाहिजे, असा नियम आहे. ज्याला दिसत नाही, ज्याचा हात चालत नाही, त्याच्यासाठी ही सोय. उत्तर एकानं सांगायचं, लिहायचं दुसऱ्यानं. लिहिणारा जास्त शिकलेला असला तर आपल्या डोक्यातलं घालील, म्हणून तो कमी शिकलेला हवा.

माझी बायको दहावी पास. बारावीला, म्हणजे आमच्या बेंगळूरात जिला सेकंड पीयूसी म्हणतात तिला, ती म्हातारपणी बाहेरून बसली होती. तिच्यासाठी दहावीच्या खालचा आणि कानडी लिहिता येणारा माणूस पाहिजे होता. आम्ही गल्ली पालथी घातली. वरच्या मजल्यावर इंजिनियर, समोर इंजिनियर, कोपऱ्यावरच्या घरात नवरा-बायको दोघंही इंजिनियर. भांडी घासायला येणाऱ्या अक्कांना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मी पीयूसी पास आहे हो, फर्स्ट क्लास." मी वैतागून म्हणालो, "या गावात अडाणी माणूस मिळायची पंचाईत झालीय."

बायको म्हणाली, "शोधताय कशाला बाहेर? घरात आहे की एक."

असा मी लेखनिक झालो. आणि ती इतिहासात नापास झाली ती माझ्यामुळं. हे आधीच लिहून टाकतो, कारण आमच्या मराठी मंडळाच्या लोकांना वेगळंच काही पाहिजे आहे. बायको जाऊन आठ महिने झाले. स्मरणिकेत तिच्यावर दोन पानं द्या म्हणून ते मागं लागलेत. आंधळ्या बायकोला पुस्तक वाचून दाखवलं, तिचा पेपर लिहिला, असा नवरा कुठं मिळतो, म्हणून माझा सत्कारही ठरवलाय त्यांनी. शाल घालणार आहेत. शाल नको म्हणून सांगितलं. पानं देतो.

मी सातवी शिकलो, तेही कानडी शाळेत. मराठी आमच्या घरात बोलायची. तिची अक्षरं आईनं पोथीवर बोट ठेवून शिकवली तेवढीच. बायकोचं तसं नव्हतं. ती शाळेत हुशार होती, दहावीला चांगले मार्क होते. मग बापानं माझ्याशी लग्न लावून दिलं. मी पीण्या या बेंगळूरच्या कारखान्यांच्या भागात एका कारखान्यात लेथवर होतो. मुलीकडच्यांना नोकरीवाला जावई पाहिजे होता, तो मिळाला. तिला काय पाहिजे होतं ते कुणी विचारलं नाही. मी पण नाही.

पोरगी पहिलीत गेली तेव्हा शाळेचा फॉर्म मी भरला. वडिलांचं शिक्षण, आईचं शिक्षण, असे रकाने होते. वडिलांच्या पुढं सातवी लिहिलं. आईच्या पुढंही सातवी लिहिलं. तिनं फॉर्म पाहिला आणि म्हणाली, "अहो, मी दहावी आहे."

"काय फरक पडतो? शाळेत पोरीला घालायचंय. तुला नाही."

तिनं फॉर्म खाली ठेवला. पुढं तीस-पस्तीस वर्षांत त्यावर ती एकदाही बोलली नाही. मी विसरलो होतो असं नाही. बोलली नाही ते बरंच झालं असं मला वाटायचं, एवढंच.

पोरीचं लग्न झालं, ती बोम्मसंद्राकडं राहायला गेली, आणि आमची बाई एक दिवस म्हणाली, "मी पीयूसीला बसणार." मी हसलो. तिनं फॉर्म स्वतः भरला. बाकीचे सगळे विषय पहिल्या फटक्यात सुटले. इतिहासाच्या पेपराच्या दिवशी सकाळी मात्र तिच्या डोळ्यांपुढं काळा पडदा आला. साखरेचा आजार जुना. डोळ्याच्या आत रक्त उतरलं होतं. पेपर राहिला. डॉक्टरांनी सुया मारल्या, लेसर केलं. उजवा गेला तो गेलाच, डाव्याला उजेड-अंधार कळायचा. आम्हा सगळ्यांना वाटलं, आता हे खूळ जाईल.

ती म्हणाली, "एकच विषय राहिलाय."

पुढच्या मार्चच्या परीक्षेसाठी त्या हिवाळ्यात मी तिला आधुनिक इतिहास वाचून दाखवला. थंडीत इथं अवरेकाईचे, म्हणजे वालाच्या शेंगांचे, ढीग येतात. ती पायाशी परात घेऊन शेंगा सोलायची. दाणे भिजवून एकेक दाण्याचं साल बोटांनी काढायची. त्याला डोळे लागत नाहीत. मी समोर बसून चष्मा लावून वाचायचो. माझं वाचणं म्हणजे खडकाळ रस्त्यावरची बैलगाडी. ती थांबवायची, "परत वाचा," म्हणायची, आणि दुसऱ्यांदा वाचलं की तिला पाठ झालेलं असायचं.

पोर्तुगीज आले, डच आले, फ्रेंच आले. मी म्हणालो, "सगळं जग इकडंच कशाला मरायला आलं?"

"मिरीसाठी. पुढं वाचा."

एका तहाची कलमं आली. मी म्हणालो, "यातलं एकही कलम कुणी पाळलं नाही म्हणतायत पुढच्याच पानावर. मग पाठ कशाला करायची?"

"लग्नातली वचनं पाळतं का कुणी? तरी भटजी म्हणायला लावतोच की."

मी टोमणे मारायचो. राजे मेले, इंग्रज गेले, तुला आता काय करायचंय, असं रोज एकदा तरी म्हणायचो. ती म्हणायची, "तुमचं बोलून झालं का? सरी, ठीक आहे, मग वाचा." खरं सांगायचं तर मला ते वाचायला आवडायला लागलं होतं. कुणी कुणाला कसं फसवलं हे त्या पुस्तकात सरळ छापलेलं होतं. आमच्या साहेब लोकांसारखं गोल-गोल नव्हतं. पण आवडतं हे मी तिला कळू दिलं नाही.

लिहायचा सरावही तिनं करून घेतला. पोरीच्या जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर ती सांगायची, मी लिहायचो. पेनाचा आवाज ऐकून ती म्हणायची, "कोरताय काय? कागद आहे तो, लोखंड नाही." आणि दर वेळी तेच सांगायची, "मी सांगते तेवढंच लिहा. माझं चुकलं तरी चुकलेलंच लिहा. चूक माझी पाहिजे."

परीक्षेच्या आधी कॉलेजच्या ऑफिसात गेलो. कारकुनानं विचारलं, "तुमचं शिक्षण?"

"सातवी."

"पुरावा?"

शाळेचा दाखला पत्र्याच्या पेटीत होता, तो नेला होता. कारकून तो उलटा-सुलटा करून म्हणाला, "इतकी वर्षं इथं बसलोय. लोक जास्त शिकल्याचे कागद आणतात. कमी शिकल्याचा कागद घेऊन आलेले तुम्ही पहिलेच."

मग त्यांच्या लक्षात आलं की मी नवरा आहे. नवरा चालणार नाही म्हणाले. आतल्या मोठ्या बाईंकडं पाठवलं. बायको त्यांना म्हणाली, "मॅडम, हे मला काय कॉपी पुरवणार? यांना स्वतःच्या चपला सापडत नाहीत, मी सांगते कुठं आहेत ते." सगळे हसले आणि सही झाली. मी तिला काही सुचवीन याची त्यांना भीती होती. ती सांगतेय ते मी ऐकणार नाही याची भीती कुणालाच वाटली नाही. तिलाही नाही.

आम्हाला वेगळी खोली दिली होती. एक तरुण शिक्षिका पहाऱ्याला. तीन तास आणि वरचा एक तास, कारण लिहिणारा दुसरा. मी प्रश्न वाचायचो, ती क्षणभर मान खाली घालायची आणि सांगायला लागायची. छोटे प्रश्न भराभर गेले. नकाशाचा प्रश्न आला तिथं खाली छापलं होतं, अंध विद्यार्थ्यांसाठी नकाशाऐवजी हा प्रश्न. मी ते जसंच्या तसं मोठ्यानं वाचलं. तोपर्यंत घरात कुणी तिच्यासमोर तो शब्द काढला नव्हता. ती म्हणाली, "हं. मग आपला हाच. सांगते, लिहा."

मग मोठा प्रश्न आला. जुन्या म्हैसूर संस्थानाचं दिवाणांच्या काळात आधुनिकीकरण कसं झालं ते लिहा. हे तिला चोख येत होतं. तिची मान वर झाली. पहिला मुद्दा धरणं आणि वीज. तो मी लिहिला. दुसरा मुद्दा कारखाने. ती म्हणाली, "संस्थानात कारखाने उभे राहिले. त्यामुळे लोकांना काम मिळालं आणि बेंगळूर वाढलं." तेही लिहिलं.

आणि तिथं माझं डोकं फिरलं.

पीण्यात सव्वीस वर्षं मी लेथवर काढली. एके सकाळी डबा घेऊन गेलो तर गेटाला कुलूप. शेजारी इंग्रजी नोटीस डकवलेली. आम्ही चाळीसेक माणसं खाली उभी, एकालाही ती धड वाचता येईना. शेवटी समोरच्या पानवाल्यानं टपरी सोडून येऊन वाचली आणि म्हणाला, "बंद झालाय म्हणतात. कायमचा." आमच्याशी कारखान्यातलं कुणी बोललंच नाही. मी दोन दिवस डबा घेऊन घरातून निघत होतो आणि बागेत बसून तो खात होतो. तिसऱ्या दिवशी बायकोला सांगितलं. त्यानंतर त्या गोष्टीवर मी कुणाशी तोंड उघडलं नाही.

आणि आता कागदावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं, कारखान्यांमुळे लोकांना काम मिळालं. माझ्या हातात पेन. मी लिहिलं, काम मिळालं हे खरं, पण कामगाराला कुणी विचारलं नाही. कारखाना बंद होतो तेव्हा गेटाला कुलूप असतं आणि नोटीस त्याला वाचता न येणाऱ्या भाषेत असते. हे पुस्तकात नाही. असं लिहीत गेलो. अर्ध्या पानाच्या वर गेलं. उभ्या आयुष्यात पेन इतकं सरसर चाललं नव्हतं. ती पुढं बोलत होती, मी हूं हूं करत होतो.

ती थांबली. "लिहिलं?"

"लिहिलं."

"पुरं? तिसरा मुद्दा पण?"

"हो की. पुढं सांग."

मग वेळ कमी पडला. पहाऱ्याची बाई म्हणाली, "ताता, स्वल्प बेग," म्हणजे आजोबा, जरा लवकर. एक पाच मार्कांचा प्रश्न सुरू करून तसाच राहिला. घंटा झाली. बाहेर येताना बायकोनं माझा दंड धरला होता. म्हणाली, "मोठा प्रश्न मस्त गेला ना?" वाटेत तिनं मला कॉफी पाजली. हॉटेलवाल्याला सांगत होती, "आज यांनी पेपर दिला."

चार मार्कांनी गेला इतिहास. पोरीनं फोनवर निकाल बघून सांगितला. बायको एवढंच म्हणाली, "असं कसं?" तिला पटेना. चुकलं असेल तर कुठं चुकलं ते कळलं पाहिजे म्हणाली. पोरीनं उत्तरपत्रिकेची प्रत मागवली, ऑफिसात छापून रविवारी घेऊन आली. पोरगी इंग्रजी शाळेतली. कानडी छापलेलं वाचते, हातानं लिहिलेलं तिला लागत नाही. तिनं दोन पानं उलटली आणि म्हणाली, "अण्णा, हे कोंबडीचे पाय तुम्हीच वाचा बाई." जेवून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको खुर्ची ओढून समोर बसली. "वाचा. एक शब्द सोडू नका."

मी वाचत गेलो. छोटे प्रश्न, नकाशाऐवजीचा तो प्रश्न. मोठा प्रश्न आला. धरणं, वीज. कारखाने, काम मिळालं, बेंगळूर वाढलं. पुढं माझं लिखाण सुरू. त्याच्या शेजारी तपासणाऱ्यानं लाल शाईनं उभी रेघ मारली होती. मी थांबलो. तेव्हाच सांगता आलं असतं. ती समोर होती, घरात दुसरं कुणी नव्हतं. ती ओरडली असती, रडली असती, आठ दिवस बोलली नसती. पुढच्या परीक्षेला दुसरा माणूस शोधला असता आणि पास झाली असती. हे सगळं मला त्या क्षणी दिसत होतं. आणि मी पाठ असलेलं पुस्तकातलं वाक्य म्हणालो. संस्थानात प्राथमिक शिक्षणाचा प्रसार झाला, असं काहीतरी. जणू कागदावरूनच वाचतोय.

ती म्हणाली, "हे मी असं सांगितलं नव्हतं."

"असंच आहे इथं."

"नाही हो. तिसरा मुद्दा मी वेगळा सांगितला होता. पुस्तकातला नव्हता तो. माझा होता."

"पेपरात आपलं सांगायचं नसतं," मी म्हणालो. "पुस्तकातलं सांगायचं असतं. तू घाबरली होतीस, आता तुला आठवत नाहीय."

असं मी म्हणालो. ज्यानं तिच्या पेपरात आपलं घातलं, तो मी.

ती म्हणाली, "असेल. डोळे गेले तशी आठवणही चालली असेल." आणि पुढं वाचा म्हणाली नाही.

त्या दिवसापर्यंत तिची आठवण म्हणजे घरातलं घड्याळ होतं. गोळ्या हातानं चाचपून ओळखायची. कुणाची वाटी कुणाकडं राहिलीय, गॅस कधी बदलला, सगळं तिला विचारायचं. त्यानंतर ती मला विचारायला लागली, "मी गोळी घेतली का हो?" घेतलेली असायची. "मीठ घातलं का मी?" घातलेलं असायचं. तिचं काही बिघडलं नव्हतं. तिचा स्वतःवरचा विश्वास मी काढून घेतला होता. पुढचा परीक्षेचा फॉर्म भरायचा का म्हणून पोरीनं फोनवर विचारलं तर ती म्हणाली, "नको गं. माझ्या लक्षात राहत नाही आता." मी शेजारीच बसलो होतो.

मग किडनी बिघडली. आठवड्यातून दोनदा, नंतर तीनदा मशीनवर. तिथं तिच्या शेजारी चार-चार तास बसायचो. सांगायला तिथं वेळच वेळ होता. आज सांगू, उद्या सांगू, आज ती थकलीय. एकदा तिनं आपणहून विचारलं, "काय विचार करताय एवढा?" मी म्हणालो, "रिक्षा मिळेल का बघतोय." पावसाळ्यात ती गेली.

दिवसकार्याला आलेला जो तो हेच म्हणायचा. काय जिद्दीची बाई, आणि काका, तुम्ही काय साथ दिलीत हो तिला! मंडळाचे सेक्रेटरी तर डोळे पुसत म्हणाले, "तुम्ही तिचे डोळे झालात." मी उठून मोरीत गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो.

सत्काराचं ठरलं तेव्हा मी पोरीला बोलावून घेतलं. ती प्रत काढून तिच्यासमोर ठेवली आणि लाल रेघेजवळचं सगळं तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. या वेळी एक शब्द सोडला नाही. मग फॉर्ममधल्या सातवीपासून सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मला वाटलं, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, "अण्णा, तुम्ही सांगून मोकळे झालात. आता मी हे कुणाला सांगू?"

"सगळ्यांना सांग. मीच लिहून देतो मंडळाला."

"द्या लिहून. पण आईचं काय?" ती म्हणाली. "ती तर मेली स्वतःला विसरभोळी समजून." मग पर्स उचलली. दारात थांबून, मागं न बघता तिनं विचारलं, "तो तिसरा मुद्दा काय होता, अण्णा? तिचा स्वतःचा?"



तेव्हापासून मी तेच आठवतोय. पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचलं. त्यात चार मुद्दे आहेत, त्यांतला तो नसणार, ती तसं म्हणाली होती. खोली आठवते. खिडकीतून येणारा उजेड तिच्या डाव्या गालावर होता. दोन्ही हात मांडीवर होते आणि बोलताना बोटं हलत होती, शेंगा सोलताना हलायची तशी. आवाज चढलेला होता, म्हणजे तिला ते सांगताना बरं वाटत होतं. तीन-चार मिनिटं तरी ती बोलली असेल. त्यातला एक शब्द माझ्या कानावर आला होता, "मुलींना". मुलींना शाळा मिळाल्या म्हणाली, की मुलींना त्यातलं काही मिळालं नाही म्हणाली, की आणखी काही, ते मला माहीत नाही. ती माझ्यापासून हातभर अंतरावर बसून सांगत होती आणि मी गेटाच्या कुलपाचं लिहीत होतो.